झोपेतला श्वासरोध आणि मध्येच सुटणारा उपचार

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. लग्नघरी दहा माणसे एका ओळीत निजली की त्यांतला घोरणारा कोण याची सकाळी चहाबरोबर चर्चा होते, आणि ज्याच्याविषयी ती चालते तोही हसून घेतो. कुंभकर्णाचे नाव आपल्या बोलण्यात निघते ते बहुधा याच निमित्ताने. मोठे घोरणे म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे सुखी माणूस, असा हिशेब आपण पिढ्यान् पिढ्या मांडत आलो. हा हिशेब पुष्कळदा चुकीचा असतो. काही माणसांचे घोरणे मध्येच एकाएकी थांबते, खोलीत शांतता पसरते, शेजारी निजलेल्याला बरे वाटते; परंतु त्या शांततेत निजलेल्या माणसाचा श्वासच थांबलेला असतो. थोड्या वेळाने आचका देऊन तो पुन्हा सुरू होतो, आणि घोरणेही. असे एका रात्रीत शेकडो वेळा घडू शकते. याला झोपेतला श्वासरोध म्हणतात. डॉक्टर मंडळी ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात.

आज आम्हांला मुख्यतः या रोगाविषयी बोलावयाचे नाही. त्याच्या उपचाराविषयी बोलावयाचे आहे. त्यावर चाळीस वर्षांहून अधिक काळ एक प्रभावी उपाय उपलब्ध आहे. तो शस्त्रक्रियेचा नाही, कडू औषधाचा नाही, लंघनाचा नाही. रात्री निजताना नाकावर मास्क लावावयाचा आणि उशाशी ठेवलेल्या लहानशा यंत्रातून येणारी हवा घ्यावयाची, एवढेच. तरीही ज्यांना हे यंत्र दिले जाते त्यांतील फार मोठा वाटा ते नीट वापरीत नाही. काहींचे यंत्र पहिल्या पंधरवड्यातच पेटीत जाते, काहींचे कपाटावर. रोग खरा, औषध खरे, आणि तरी उपचार होत नाही, हे कोडे आहे.

हे कोडे हिवरा आश्रमात उलगडून पाहणे आम्हांला विशेष योग्य वाटते. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाच्या कामात रुग्णसेवेला मानाचे स्थान आहे; आणि विवेकानंद जयंतीला येथे पुरी आणि वांग्याच्या भाजीची जी विराट पंगत बसते, तिने या पंचक्रोशीला एक धडा दिलेला आहे. स्वयंपाक झाला म्हणजे पंगत झाली असे नव्हे. कढईतून निघालेली पुरी शेवटच्या पानावर पडेपर्यंत काम संपत नाही. वैद्यकातही हेच खरे आहे. उपाय सापडला म्हणजे स्वयंपाक झाला. वाढप अजून व्हावयाचे आहे.

रोगाचे स्वरूप

शेतकऱ्याला हा रोग समजावून सांगणे सोपे आहे. विहिरीवरच्या मोटारीला ओढीच्या बाजूचा पाइप कडक लागतो, हे तो जाणतो. तेथे मऊ पाइप जोडला तर पाणी वर येण्याऐवजी पाइपच आत ओढला जाऊन चपटा होतो. आपल्या घशाचा जिभेमागचा भाग असा मऊ पाइप आहे. नाकाला हाड आहे, खाली श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. मधला हा तुकडा मात्र केवळ स्नायूंनी उघडा धरलेला आहे. जागेपणी ते स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैलावतात. ज्याची मान जाड आहे, हनुवटी मागे आहे, टॉन्सिल मोठे आहेत किंवा वजन वाढले आहे, त्याचा हा मार्ग मुळातच अरुंद असतो. मग श्वास आत ओढताना तो मिटतो. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताठ होतात, मार्ग उघडतो. माणसाला या जागण्याची आठवणही राहत नाही.

निदान १० सेकंद श्वास थांबला तर तो एक श्वासरोध धरतात, आणि श्वास पुरता न थांबता ठरावीक प्रमाणात मंदावला तर तोही हिशेबात घेतात. तासाला असे ५ प्रसंग झाले तर रोगाची सुरुवात, १५ झाले तर मध्यम आणि ३० किंवा अधिक झाले तर तीव्र, अशी पायरी ठरलेली आहे. परिणाम दिवसा दिसतात. सकाळी डोके जड, रात्री लघवीला वारंवार उठणे, दुपारी बसल्या जागी पेंग, विसराळूपणा, चिडचिड. त्याच्या जोडीला औषधांना न जुमानणारा रक्तदाब येतो, आणि हृदयविकार व पक्षाघात यांच्याशीही या रोगाचे नाते आढळते.

फ्रान्स आणि जर्मनीतील वैद्यांनी १९६५ साली हे श्वासरोध प्रयोगशाळेत नोंदवून दाखविले. ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव रूढ झाले ते १९७६ पासून. आपल्याकडे हा रोग परदेशी लठ्ठांचा म्हणून कोणी झटकून टाकू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. हे पुरुष आजारी म्हणून नव्हे, नेहमीच्या तपासणीसाठी आलेले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचा बिघाड आढळला, आणि ७.५ टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसह पुरता रोग होता. म्हणजे मध्यमवयीन पुरुषांच्या पंगतीत दर तेरा-चौदा पानांमागे एक. ही पाहणी शहरातली आहे आणि पुरुषांची आहे. परंतु गावे किंवा बायका यातून सुटल्या असे समजण्याचे कारण नाही. बायकांत मासिक पाळी थांबल्यानंतर हा रोग वाढतो, आणि बाई घोरते हे बोलून दाखविण्याची लाज असल्यामुळे तो लपूनही राहतो. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले तेव्हा डॉक्टरांनी हाच रोग कारण म्हणून सांगितला, आणि अनेक घरांत हे नाव प्रथमच ऐकले गेले.

यंत्राची युक्ती

पाइपाचीच उपमा पुढे चालवू. ओढीच्या बाजूला मऊ पाइप मिटतो. परंतु तोच मऊ, गुंडाळून ठेवता येणारा पाइप मोटारीच्या पुढच्या बाजूला जोडला की आतल्या दाबाने फुगून उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली नेमके हे केले. त्याआधी तीव्र रुग्णाला गळ्याला भोक पाडून नळी बसविणे हाच खात्रीचा उपाय होता. सुलिव्हन यांनी हवा ओढणाऱ्या झाडणीयंत्राची मोटार उलटी वापरली, ती हवा नळीने रुग्णाच्या नाकात सोडली, आणि घसा आतून हवेच्या दाबाने उघडा ठेवला. पाच रुग्णांवरचा हा प्रयोग ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आरंभी दर रात्री मास्क चिकटद्रव्याने नाकाभोवती हवाबंद करावा लागे. आजचे यंत्र डब्याएवढे लहान व बरेच निःशब्द असते. त्याला सीपॅप म्हणतात.

दाब म्हणाल तर पाण्याचा दहा सेंटिमीटर उंच स्तंभ जेवढा दाब देईल साधारण तेवढा. कोणास कमी, कोणास अधिक. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. हे यंत्र प्राणवायूचे सिलिंडर नव्हे. खोलीतलीच हवा ते दाबाने देते. ते रोग समूळ काढीत नाही. चष्मा डोळ्यावर आहे तोवर दिसते, तसे मास्क नाकावर आहे तोवर घसा उघडा. म्हणून येथे ‘उपचार घेतला’ याचा अर्थ ‘आज रात्री घेतला’ एवढाच होतो, आणि उद्या रात्री तो पुन्हा घ्यावा लागतो.

वापराचे मोजमाप

रुग्ण यंत्र वापरतो की नाही हे कसे कळावे? त्याला विचारून कळत नाही. हा अनुभव वैद्यकाला नवा नाही. १९५६ साली मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधनकेंद्र निघाले, आणि घरी राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णासारखाच बरा होऊ शकतो हे त्याने जगाला दाखविले. परंतु त्या संशोधकांना रुग्णाच्या घरी जाऊन गोळ्या मोजाव्या लागत आणि लघवी तपासावी लागे. कारण बरे वाटू लागले की माणूस गोळी विसरतो, आणि विसरलो असे डॉक्टरांना सांगणे त्याला जड जाते.

सीपॅपच्या बाबतीत यंत्रच साक्षीदार झाले. १९९३ साली अमेरिकेत ३५ रुग्णांच्या यंत्रांत त्यांच्या नकळत नोंदणीची सोय ठेवण्यात आली. ६० टक्के रुग्णांनी रोज वापरतो म्हणून सांगितले. परंतु निदान ७० टक्के दिवस, आणि त्या दिवशी निदान ४ तास, एवढा माफक वापर पाहिला तरी ३५ पैकी १६ जणच त्यात बसले. पुढे हेच माप जगभर रूढ झाले. अमेरिकेच्या सरकारी विम्याने तर २००८ पासून पहिल्या तीन महिन्यांत एवढा वापर दिसल्याशिवाय यंत्राचा पुढचा खर्च देत नाही असा नियम केला.

पण ४ तास ही पुरेशी मात्रा आहे काय? तसे नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ४ तासांच्या वापराने पुष्कळांना आपली पेंग कमी झाली असे वाटते. प्रयोगशाळेत मोजलेली पेंग जावयास ६ तास लागतात. आणि रोजच्या कामातली उभारी परत यावयास साडेसात तासांपर्यंत. यात आणखी एक मेख आहे. स्वप्ने पडतात ती झोप बहुतांशी रात्रीच्या शेवटच्या प्रहरांत येते, आणि त्या झोपेत स्नायू सर्वांत अधिक सैल असतात. जो रुग्ण पहाटे दोनला मास्क काढून ठेवतो तो अर्धा उपचार घेतो असे आपण म्हणू; प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला रात्रीचा अधिक धोक्याचा भाग उघडाच राहतो.

वापर अपुरा असला की उपायाचीच बदनामी होते. हृदयरोग किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या २,७१७ रुग्णांवर सात देशांत एक मोठी चाचणी झाली. त्यांत भारतही होता. २०१६ साली तिचा निष्कर्ष आला की, सीपॅपने पुढचे हृदयविकार कमी झाले नाहीत. परंतु त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्री केवळ ३.३ तास होता. पुढे २०२३ साली अशा चाचण्यांतील आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा निदान ४ तास वापरणाऱ्यांत धोका कमी दिसला. नियमाने यंत्र वापरणारा मनुष्य आपली गोळी आणि पथ्येही नियमाने पाळत असेल, ही शंका येथे रास्त आहे. म्हणून या आकड्यांवरून फार मोठे बोलू नये. वाहनाच्या बाबतीत मात्र चित्र अधिक ठसठशीत आहे. अमेरिकेतील ट्रकचालकांच्या एका अभ्यासात, रोग असून उपचार न घेणाऱ्या चालकांच्या हातून टाळता येण्याजोगे गंभीर अपघात निरोगी चालकांच्या पाचपट घडलेले आढळले. उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण निरोग्यांइतकेच होते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर तालुक्यातून गेलेला आहे. रात्री त्यावर गाडी चालविणारा कोण कसा निजला होता, हा केवळ त्याचा खाजगी प्रश्न राहत नाही.

यंत्र सुटते कोठे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. यंत्र सुटण्याची कारणे आम्ही पाच घरांत मांडतो.

पहिले कारण शरीराचे. मास्कचे माप चुकले की हवा गालावरून डोळ्यांत जाते, नाकाच्या दांडीवर वळ उठतो. घट्ट आवळावा तर टोचतो, सैल सोडावा तर फुसफुसतो. दाट मिशा, कवळी काढून ठेवल्यावर आत गेलेले गाल, नाकातली चमकी, या लहान गोष्टी मास्कची बैठक बिघडवितात. नाक चोंदलेले असले तर तोंडाने श्वास घेतला जातो आणि घसा कोरडा पडतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हा त्रास फार. ओलावा देणारे पाण्याचे भांडे यंत्राला जोडता येते, पण त्याचे पाणी बदलावे लागते आणि भांडे धुवावे लागते. नाक व तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क अधिक सोयीचा वाटतो, परंतु सर्वसाधारणपणे नुसत्या नाकावरचा लहान मास्क अधिक टिकतो, असे अनुभवास आले आहे.

दुसरे कारण मनाचे. तोंडावर काही बांधून निजणे काहींना गुदमरवते, आणि अंधारात ते भय दुप्पट होते. त्याहून खोल कारण असे की, या रोगात दुखत नाही. दाढ दुखली की माणूस रात्री बारा वाजता उठून लवंग शोधतो. श्वासरोधाचा रुग्ण मात्र स्वतःचा श्वास थांबलेला कधी पाहतच नाही. त्याला आपला रोग दुसऱ्याच्या तोंडून कळतो. त्यामुळे ज्याला दिवसा पेंगेचा जाच आहे तो यंत्र धरून राहतो, आणि ज्याला तो जाणवत नाही त्याला हा उपचार शिक्षेसारखा वाटतो. एडिंबरो येथील ८० रुग्णांच्या अभ्यासात १९९९ साली हे चांगले दिसले. जे आपणहून डॉक्टरांकडे आले होते त्यांचा वापर, घरच्यांनी पाठविलेल्या रुग्णांपेक्षा अधिक होता. आपल्याकडे हे विशेष विचारात घ्यावयास हवे. कारण ‘हिने ओढून आणले म्हणून आलो’ हे वाक्य बोलणारे रुग्ण आपल्याकडे थोडे नाहीत.

तिसरे कारण घराचे. हे यंत्र जेथे जन्मले तेथे माणसाला स्वतःची खोली, स्वतःचा पलंग आणि उशाशी विजेचा खटका असतो. आपल्याकडे एका खोलीत चारजण निजतात. उन्हाळ्यात बाज अंगणात किंवा गच्चीवर जाते, आणि तेथे विजेची तार पोचत नाही. सोंगणीच्या दिवसांत पीक राखावयाला वावरात जागल असते. पंपाची थ्री फेज वीज जेथे रात्रीच्या पाळीने येते तेथे शेतकरी रात्री दोनला ओलितासाठी उठतो; त्याची झोपच तुकड्यातुकड्यांची, मग यंत्राचे तास भरावे कसे? कोणी शेगावच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी निघतो, आणि महिनाभर यंत्र घरीच राहते. सून नवी आली आहे, पाहुणे आले आहेत, मग सासऱ्याला तोंडावर नळी लावून निजण्याचा संकोच वाटतो. लहान नातू भितो. या एकेका कारणाने एकेक रात्र जाते, आणि सुटलेल्या रात्रींची सवय लागते.

चौथे कारण पैशाचे आणि विजेचे. यंत्राची किंमत हजारो रुपये आहे, आणि एकदा घेऊन भागत नाही. मास्कची गादी झिजते, नळी व हवा गाळणारी जाळी बदलावी लागते, आणि आपल्याकडच्या धुळीत ती जाळी लवकर काळी पडते. सुटा भाग मिळवायला अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले तर एका दिवसाची मजुरी गेली. वीज गेली तर काय, ही भीती तर घरोघर आहे. वीज गेल्यावर हे यंत्र माणसाला कोंडीत नाही. मास्कला हवा बाहेर जाण्याची भोके असतात, तोंड झाकणाऱ्या मास्कला आपोआप उघडणारी झडप असते, आणि बहुधा माणूस जागा होतो. पण हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसले, तर लोडशेडिंगची पहिली रात्र ही यंत्राची शेवटची रात्र ठरते.

पाचवे कारण व्यवस्थेचे, आणि आमच्या मते ते सर्वांत मोठे. पुष्कळ ठिकाणी यंत्र विकले जाते, शिकविले जात नाही. दुकानातला माणूस दहा मिनिटांत पट्टे बांधून दाखवितो आणि जातो. डॉक्टर महिन्याने या म्हणतात. परंतु वापराचा कल पहिल्या आठवड्यातच ठरतो, हे निरनिराळ्या अभ्यासांत दिसून आले आहे. जो पहिल्या काही रात्री टिकला तो बहुधा पुढेही टिकतो. जो पहिल्या आठवड्यात टाळू लागला तो महिन्याने डॉक्टरांकडे जातो तेव्हा निर्णय कधीच होऊन गेलेला असतो. नेमक्या त्या आठवड्यात त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा कोणी नसतो.

दोष रुग्णाचा काय?

येथे कोणी म्हणेल की, ही सारी निमित्ते आहेत. ज्याला जगावयाचे आहे तो नळी लावून निजेल. हा आक्षेप कडक वाटतो, पण वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. वर सांगितलेल्या एडिंबरोच्या अभ्यासातच त्याचे उत्तर आहे. तेथे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची माहिती दिली. दुसऱ्या गटाच्या रुग्णांना जोडीदारासह घरी जाऊन समजावून दिले, रुग्णालयात अधिक रात्री यंत्रावर निजविले आणि पुढे परिचारिका त्यांच्या घरी जाऊन चौकशी करीत राहिल्या. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वापर रात्री सरासरी ३.९ तास राहिला, दुसऱ्याचा ५.४ तास. यंत्र तेच, रोग तोच, माणसेही त्याच शहरातली. दीड तासाचा हा फरक कोणाच्या मनोनिग्रहातून आला नाही, विचारपूस केल्याने आला. इच्छाशक्ती हा रुग्णाच्या अंगी उपजत असणारा साठा आहे असे आपण मानतो. वस्तुतः ती भोवतालच्या माणसांकडून रोज थोडी थोडी मिळत असते.

उलट, केवळ यंत्र सुधारून हा प्रश्न सुटेल असे मानणारांचीही निराशाच झाली आहे. चाळीस वर्षांत यंत्र लहान झाले, निःशब्द झाले, दाब आपोआप कमीजास्त करू लागले. तरीही या काळातील अभ्यास एकत्र पाहिले तर न वापरणारांचे प्रमाण फारसे घटलेले दिसत नाही. ते एकतृतीयांशाच्या आसपास रेंगाळते. कढई मोठी केली म्हणून पंगत लवकर उठत नाही. वाढपी वाढवावे लागतात.

काय करता येईल?

रुग्णाने करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. पहिले तीन-चार दिवस दुपारी जागेपणीच, बसून, रेडिओ ऐकत अर्धा तास मास्क लावून बसावे. नाकाला त्याची ओळख होते. मग रात्री. मास्क आडवे झाल्यावर, यंत्र चालू असताना, हवा गळणार नाही एवढाच आवळावा. त्याहून अधिक नाही. आरंभी दाब हळूहळू वाढविण्याची सोय यंत्रात असते, ती वापरावी. लघवीला उठल्यावर मास्क पुन्हा लावणे हीच खरी परीक्षा. म्हणून नळी यंत्रापासून सहज सुटते कोठे हे दिवसा शिकून ठेवावे, म्हणजे मास्क न काढता उठता येते. मास्कची गादी रोज कोमट साबणपाण्याने पुसावी. नाक चोंदत असेल तर त्याचा उपचार आधी करून घ्यावा. दारू आणि आपल्या मनाने घेतलेली झोपेची गोळी घसा अधिक सैल करतात, त्या टाळाव्यात. वजन घटल्यास रोग कमी होतो, पण घटले म्हणून यंत्र परस्पर बंद करू नये. पुन्हा तपासणी करून डॉक्टरांना ठरवू द्यावे.

घरच्यांचे काम राखणदाराचे नव्हे, सोबत्याचे आहे. ‘आज लावले नाही वाटते’ असा टोमणा रोज मारला तर यंत्राचा राग टोमणा मारणाऱ्यावर निघतो. त्यापेक्षा पत्नीने किंवा मुलाने पहिल्या दिवशी डॉक्टरांकडे बरोबर जावे, पट्टे बांधावयास स्वतः शिकावे, आणि नातवंडांना एकदा ते यंत्र हातात घेऊन पाहू द्यावे. इन्व्हर्टर असेल तर त्यावर यंत्राचा खटका जोडून घ्यावा. ओलावा तापविणारे भांडे बंद ठेवल्यास वीज बरीच कमी लागते. बाज अंगणात न्यावयाची तर तेथवर सुरक्षित तार ओढणे हे पोळ्याच्या आधी गोठा सारवण्याइतके साधे काम आहे. मात्र ते आधी करावयास हवे.

डॉक्टर आणि विक्रेते यांच्याकडून एवढेच मागावे की, यंत्र देताना पहिल्या आठवड्याचा जिम्मा कोणाचा हे सांगून द्यावे. तिसऱ्या दिवशी एक फोन, सातव्या दिवशी एक भेट, आणि मास्क न बसल्यास बदलून देण्याची हमी. यंत्राच्या नोंदीतले तास डॉक्टरांनी पाहावेत, पण चोर पकडल्यासारखे नव्हे. रात्री दोनला मास्क निघतो असे दिसले तर ‘का काढता?’ असे न विचारता ‘दोन वाजता काय होते?’ असे विचारावे. उत्तर कधी लघवी असेल, कधी कोरडा घसा, कधी ओलिताची पाळी. कारण कळले की उपाय बहुधा लहानच असतो. ज्यांना यंत्र कोणत्याही प्रकारे सोसत नाही त्यांच्यासाठी खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे साधन, कुशीवर निजण्याची सवय, काहींना शस्त्रक्रिया असे दुसरे मार्गही आहेत. यंत्र सुटले म्हणून रुग्णाने डॉक्टरांना तोंड चुकवू नये.

आणि गावानेही काही करावे. गावात साखरेच्या रोग्याला कोणी हसत नाही. त्याची गोळीची वेळ झाली की पंगतीतही लोक त्याला आधी वाढतात. घोरणाऱ्याचे मात्र हसे होते. हे हसे थांबले की निम्मा संकोच जाईल. ज्याने वर्षभर यंत्र वापरून पेंग घालविली तो मनुष्य दुसऱ्याच्या घरी अर्धा तास जाऊन बसला, आपला मास्क दाखविला, पहिल्या आठवड्यात आपणही कसे वैतागलो होतो हे सांगितले, तर ते काम मोठ्या रुग्णालयालाही साधत नाही. अशी दोन माणसे प्रत्येक मोठ्या गावात निघणे अशक्य नाही.

तात्पर्य एवढेच की, श्वासरोधाचा उपचार यंत्रात नाही. तो यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये जी जागा आहे तेथे होतो किंवा चुकतो. त्या जागेत मास्कचे माप आहे, विजेचे वेळापत्रक आहे, घराची दाटी आहे, बायकोची काळजी आणि नवऱ्याचा मान आहे. ती जागा रुग्णाने एकट्याने भरून काढावी अशी अपेक्षा करणे म्हणजे पंगतीला बसलेल्यानेच उठून स्वयंपाकघरात जाऊन वाढून घ्यावे असे म्हणणे होय. काहीजण तसे घेतीलही. बाकीचे पानावर बसून राहतात, आणि मग भूक नव्हती म्हणून आपण त्यांनाच बोल लावतो. या आश्रमाच्या पंगतीत तसे कोणी म्हणत नाही. आजाऱ्याच्या बाबतीतही म्हणू नये.